पी०४४२: धूर पास, ट्रक नापास

ऑक्टोबरच्या शेवटी ट्रकच्या डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनाचा दिवा लागला तेव्हा मी सगळ्यात आधी पंपावरच्या पोराला शिव्या घातल्या, अर्थात मनातल्या मनात. आम्ही राहतो न्यू जर्सीत, आणि इथे १९४९ पासून कायदाच आहे की स्वतःचं पेट्रोल स्वतः भरायचं नाही, पंपावरचा माणूसच भरणार. ओरेगॉनवाल्यांनी २०२३ मध्ये हा प्रकार सोडून दिला, आता अख्ख्या अमेरिकेत आम्हीच उरलोय. थंडीत बरं वाटतं, काच दोन बोटं खाली करायची आणि कार्ड द्यायचं, पण टाकीचं झाकण लावणारा हात आपला नसतो. आणि हा दिवा बऱ्याचदा झाकणावरूनच लागतो.

ट्रक २००६ चा, व्ही-८, फुल साईझ पिकअप, मी सेकंडहँड घेतलेला, एक लाख साठ हजार मैल झालेत. कंपनीचं नाव सांगत नाही कारण हे दुखणं कुठल्याही कंपनीच्या ट्रकला होतं. लाकूड, माती, जुने सोफे आणि गणपतीत मंडळाचा मखर-मांडव वाहणे एवढंच त्याचं काम. चालत एकदम मस्त होता, पिकअप तोच, अॅव्हरेज तेच. बाबांना सांगलीला फोनवर सांगितलं तर म्हणाले, "गाडी चालतेय ना? मग दिव्याला कशाला विचारतोस." म्हटलं बाबा, तुमचं बरोबर आहे, पण डिसेंबरअखेर ट्रकचं सरकारी इन्स्पेक्शन आहे आणि दिवा लागलेला असला की इथे सरळ नापास करतात, पुढचं काही बघतही नाहीत.

कोड रीडर, म्हणजे गाडीला जोडून बिघाडाचा नंबर दाखवणारं छोटं यंत्र, लावला तर पी०४४२. म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या सिस्टिममध्ये छोटी गळती. मोठी असती तर पी०४५५ आला असता, आणि अगदीच बारीक असती तर पी०४५६. इथे "छोटी" म्हणजे किती ते ऐकून मी चाट पडलो होतो: ०.०४० इंच, म्हणजे साधारण १ मिलिमीटरचं भोक. टाकी, झाकण, दहा-बारा फूट पाईप, कॅनिस्टर, दोन व्हॉल्व्ह, या सगळ्यात मिळून कुठेतरी मोहरीहून लहान एक भोक आहे आणि ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं. १९९६ पासून इथल्या सगळ्या कार आणि छोट्या ट्रकांना स्वतःची अशी तपासणी स्वतः करणं सक्तीचं आहे.

थोडं हे यंत्र कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढची माझी चूक कळणार नाही. पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी त्याची वाफ होत राहते, आणि ती हवेत सुटली की उन्हात गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडबरोबर मिळून जमिनीलगतचा ओझोन, म्हणजे तो शहरांवरचा स्मॉग तयार होतो. म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून आणि बाकी देशाने १९७१ पासून नियम केला की वाफ बाहेर सोडायची नाही. ती एका कोळशाच्या डब्यात साठवायची, त्याला कॅनिस्टर म्हणतात, आणि इंजिन चालू झालं की ती ओढून जाळून टाकायची. इंजिनकडे जाणाऱ्या वाटेवर पर्ज व्हॉल्व्ह असतो, तो एरवी बंद. आणि कॅनिस्टरला बाहेरची ताजी हवा मिळावी म्हणून दुसऱ्या टोकाला व्हेंट व्हॉल्व्ह असतो, तो एरवी उघडा. एक एरवी बंद, एक एरवी उघडा, हे लक्षात ठेवा, मी विसरलो होतो.

तपासणीच्या वेळी कॉम्प्युटर व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून इंजिनच्या ओढीने टाकीत थोडा व्हॅक्यूम करतो, मग पर्जही बंद करतो आणि टाकीवरच्या प्रेशर सेन्सरकडे बघत बसतो. व्हॅक्यूम टिकला तर पास, उतरत गेला तर कुठूनतरी हवा आत येतेय. एकदा नापास झालं की लगेच बोंबलत नाही, दुसऱ्या वेळेलाही तेच आलं की दिवा. बरीच मॉडेल्स हे असंच करतात, काही नवी मॉडेल्स इंजिन बंद झाल्यावर टाकी गार होताना करतात, ते वेगळं.

तर पहिलं झाकण. जुन्याची रबर सील चिरलेली होती असं मी स्वतःला पटवलं, खरं सांगायचं तर नव्हती, नुसती मळलेली होती. कंपनीचंच नवीन झाकण आणलं, कोड पुसला, आणि पंपावर दर वेळी खाली उतरून मीच ते तीन वेळा टकटक वाजेपर्यंत फिरवायला लागलो. पंपवाला पोरगा माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघायचा. अकरा दिवसांनी दिवा परत.

मग आमचा एक नागपूरचा मित्र आहे, त्याला गाड्यांतलं सगळं कळतं असं त्याचं मत आहे. तो म्हणाला, "अरे पर्ज व्हॉल्व्हच असते बे, दरवेळी तोच असते, चाळीस डॉलरचं काम आहे." इंजिनच्या वरच बसतो, दोन क्लिपा आणि एक प्लग, दहा मिनिटं. बदलला. सहा दिवसांनी दिवा परत. एका गॅरेजला विचारलं तर पर्ज, व्हेंट आणि कॅनिस्टर तिन्ही बदला, नऊशे डॉलर, म्हणजे तोच नागपूरचा सल्ला फक्त महाग केलेला. कुठे गळतंय ते बघायला कोणीच तयार नाही.

इथे मला जरा लाज वाटली आणि मी नीट विचार करायला बसलो. दोन गोष्टी आठवल्या. एक म्हणजे बायको महिनाभर म्हणत होती की गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येतोय, आणि मी म्हणत होतो गवत कापायच्या मशीनचा असेल. दुसरी म्हणजे कोड नेहमी टाकी भरल्यावर तीन-चार दिवसांत यायचा, टाकी पाव उरली की कधीच नाही. याचा अर्थ नंतर लागला: टाकी भरलेली असली की वाफेला जागा कमी, मग तेवढ्याच भोकातून व्हॅक्यूम भराभर उतरतो आणि चोर पकडला जातो. अगदी गच्च भरलेली किंवा अगदी रिकामी असली तर तपासणी होतच नाही, साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधेच होते.

साधा कोड रीडर फक्त कोड दाखवतो. मला व्हॉल्व्हला हुकूम देता येईल असा स्कॅनर हवा होता, तो एका ओळखीच्या मेकॅनिककडून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मागून आणला. सकाळी, इंजिन रात्रभर गार पडलेलं, टाकी पाऊण. गार असतानाच करायचं, कारण गरम पेट्रोलची वाफ होत राहते आणि गळती नसतानाही व्हॅक्यूम उतरल्यासारखा दिसतो. झाकण उघडून आधी सेन्सर शून्य दाखवतोय ना ते बघितलं, कारण सेन्सरच खोटं बोलत असेल तर पुढचं सगळं फुकट. मग झाकण लावलं, इंजिन चालू, व्हेंट बंद, पर्ज उघड. स्क्रीनवर आकडा सरकत सरकत उणे ९ इंच पाण्यापर्यंत गेला (इंच पाणी हे हलक्या दाबाचं माप, उणे म्हणजे व्हॅक्यूम). पर्ज बंद. मिनिटभरात उणे ३.

या एका मिनिटात नोव्हेंबर महिन्याचं उत्तर होतं. व्हॅक्यूम झाला, म्हणजे गळती मोठी नाही. आणि पर्ज बंद केल्यावर आकडा शून्याकडे आला, म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह निर्दोष आहे, कारण तो गळत असता तर चालू इंजिनने टाकी आणखी ओढली असती, आकडा उलट उणे ९ च्या खाली गेला असता. जुना पर्ज मी टाकला नव्हता, त्याला हाताच्या पंपाने व्हॅक्यूम देऊन बघितलं तर काटा जागचा हलेना. चाळीस डॉलर गेले ते गेलेच. ही टेस्ट आधी केली असती तर, जाऊ दे.

आता भोक शोधायचं. त्यासाठी धुराचं मशीन, खनिज तेल तापवून त्याचा पांढरा धूर अगदी हलक्या दाबाने सिस्टिममध्ये सोडायचा आणि तो कुठून डोकावतो ते बघायचं. दाब अर्धा पीएसआयच्या आतच ठेवायचा, ही सिस्टिम टायरसारखी दाबासाठी बनवलेली नाही, जास्त दिला तर धडधाकट सांधाही उडेल आणि मग खरंच नवीन गळती. यूट्यूबवर लोक कॉफीच्या डब्यात सिगरेट लायटरची कॉइल घालून हे मशीन बनवतात. इंटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपांना लावायचं तर लावा, पण पेट्रोलच्या टाकीला असलं तापलेलं जुगाड लावायला मी तरी तयार नव्हतो, त्यात कॉम्प्रेसरची हवा मारायची म्हणजे वाफेला ऑक्सिजन आपणच पुरवायचा. त्याच मेकॅनिकचं मशीन नायट्रोजनवर चालतं, शनिवारी दुपारी त्याच्या दुकानामागे, उघड्यावर, त्यानेच लावलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, आणि आमच्या गॅरेजमध्ये गरम पाण्याचा गॅसचा बंब आहे. घरी हा उद्योग करायचा प्रश्नच नव्हता.

इंजिनजवळ हिरवं टोपण असलेला टेस्ट पोर्ट असतो जुन्या गाड्यांना, तिथून धूर सोडला. अर्ध्या मिनिटात मागच्या चाकाजवळून धूर. मी ओरडलो, सापडलं! मेकॅनिक हसला, शांतपणे म्हणाला, माय फ्रेंड, ते व्हेंट आहे. ट्रक बंद, म्हणजे व्हेंट उघडा, म्हणजे धूर आपल्या हक्काच्या दाराने बाहेर. मग त्याने व्हेंटच्या नळीचं तोंड काढून त्यात रबरी बूच ठोकलं. इथे त्याच्या किंवा माझ्या डोक्यात यायला हवं होतं ते दोघांच्याही आलं नाही, ते पुढे सांगतो.

बूच बसल्यावर मशीनच्या काचेच्या नळीतली छोटी गोळी खाली आली पण तळाला टेकेना, साधारण बोटभर वर तरंगत राहिली. ती गोळी म्हणजे धूर किती वाहतोय त्याचं माप, तरंगतेय म्हणजे कुठूनतरी जातोय. दहा मिनिटं ट्रकखाली पाठीवर पडून टॉर्च मारतोय, काही दिसत नाही. वारा होता, बारीक धूर वाऱ्यात दिसत नाही. शेवटी दोन बाजूंना पुठ्ठे उभे करून आडोसा केला आणि मोबाईल काठीला बांधून मागच्या डाव्या चाकाच्या वरच्या खोबणीत घातला, व्हिडिओ लावून. बघतो तर पेट्रोल भरायच्या नळीच्या मागून, जिथे तिचा कंस, म्हणजे आधाराचा ब्रॅकेट, बॉडीला बसतो, तिथून उदबत्तीसारखी एक सरळ धार वर चाललीये.

चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं. आवरणाच्या मागे ओंजळभर चिखल निघाला, वाळलेला, त्यात पांढरे कण. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकाने उडून नेमकं इथे जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं ओलं राहतं. भरायच्या जाड नळीला चिकटून एक करंगळीएवढी बारीक नळी असते, भरताना टाकीतली हवा परत यायला, त्या दोन नळ्यांच्या बेचक्यात कंस डाग देऊन जोडलेला. स्क्रू ड्रायव्हरने हलकेच खरवडलं तर गंजाची एक पापडी, जिरेभर जाडीची, अख्खी सुटून हातात आली आणि खाली खसखशीच्या दाण्याएवढं भोक. त्याच्यावर बोट ठेवलं, काचेतली गोळी टपकन खाली बसली. बोट काढलं, परत वर. चार वेळा केलं मी ते, लहान मुलासारखं.

मित्राने फोनवर लगेच एपॉक्सी सुचवलं. एपॉक्सी लागेल हो, पण गंज बाहेरून दिसतो त्यापेक्षा आतून जास्त असतो आणि त्याच्या पापड्या टाकीत पडून इंधन पंपाच्या जाळीत अडकतात, त्यापेक्षा पंच्याहत्तर डॉलरची नवी नळी परवडली. टाकी पाव होईपर्यंत थांबलो, बॅटरीची निगेटिव्ह काढली, अग्निशामक जवळ ठेवला. वरचे तीन स्क्रू सहज, कंसाचा बोल्ट अर्थातच तुटला, रबरी होजचे दोन क्लॅम्प. होज इतके वर्षांत नळीला चिकटून बसतात, ओढू नका, फाटतात, आधी पिरगाळून सैल करायचे. नव्या नळीवर बसवायच्या आधी गंजरोधक रंगाचे दोन हात मारले, कंसाच्या बेचक्यात जरा जास्तच. परत धुराचं मशीन, व्हेंटला बूच, गोळी तळाला. बारा मिनिटं बघत उभे राहिलो, हलली नाही. मेकॅनिकने टाळी दिली. बायकोला सांगितलं वास गेला, तिने वास घेऊन बघितला, म्हणाली "कमी झालाय." कमी झालाय. गेलाय असं नाही म्हणाली. मी ऐकलं पण ऐकलं नाही.

नऊ दिवसांनी, मधे थंडी जरा ओसरली होती त्या आठवड्यात, दिवा परत. तोच पी०४४२.

त्या संध्याकाळी मी ट्रक विकायची जाहिरातसुद्धा लिहायला घेतली होती. मग जेवताना डोक्यात आलं, धूर पास झाला आणि ट्रक नापास झाला तर ट्रकच्या टेस्टमध्ये असं काय आहे जे धुराच्या टेस्टमध्ये नव्हतं? आणि हातातला घास हातातच राहिला. बूच! ट्रक जेव्हा तपासणी करतो तेव्हा व्हेंट व्हॉल्व्ह स्वतः बंद होतो आणि त्यानेच टाकी अडवायची असते. आम्ही त्याच्या जागी बूच ठोकलं आणि बूच एकदम उत्तम आहे असा निष्कर्ष काढला. दोनदा.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर स्कॅनर लावला, जे मी नळी बदलल्यावर लगेच करायला हवं होतं पण धूर बघून इतका खूष झालो की केलं नाही. उणे ९, मिनिटभरात उणे ६. म्हणजे साधारण अर्धी गळती गेली होती, उरलेली तिथेच. परत धूर, या वेळी बूच नाही, स्कॅनरने व्हेंटला बंद व्हायचा हुकूम दिला, टक असा आवाज आला, म्हणजे वीज पोचतेय आणि आतला दट्ट्या हलतोय. आणि तरीही व्हेंटच्या जाळीतून धुराचा एक केस, खरंच केसाएवढा, बाहेर.

व्हेंट काढला. हा बसतो ट्रकच्या फ्रेमवर कॅनिस्टरशेजारी, मागच्या चाकांची सगळी धूळ खाणार अशा जागी, डिझाइन करणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. उघडून बघितलं तर आतल्या रबरी बैठकीवर एका बाजूला पांढरट राखाडी पूड, मीठ आणि मातीची, नखाने निघाली. ती साफ करून परत लावला तर कदाचित चाललंही असतं, पण रबरावर त्या जागी खळगी पडली होती. पस्तीस डॉलरचा नवा आणला आणि त्याची हवा घ्यायची नळी दोन फूट लांब करून बेडच्या, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्याच्या खाली उंचावर, चाकाच्या फवाऱ्यापासून लांब नेऊन बांधली. बऱ्याच जुन्या पिकअपांना लोक हे करतात. व्हेंट काढलाच आहे तर कॅनिस्टरही उलटा करून हलवून बघितला, त्यातून कोळशाचे दाणे पडले असते तर तोही बदलावा लागला असता, नाही पडले. परत स्कॅनर: उणे ९, दोन मिनिटांनी उणे साडेआठ. याच्याहून चांगलं तर हा ट्रक नवा असतानाही नसेल.

आता इन्स्पेक्शन. कोड पुसला की कॉम्प्युटरची सगळी मॉनिटरं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या तपासण्या, कोरी होतात आणि त्याने ती परत एकेक करून पूर्ण करावी लागतात, त्यात हे वाफेचं सगळ्यात आळशी. इंजिन रात्रभर गार हवं, टाकी मधेच कुठेतरी हवी, आणि बाहेरचं तापमान साधारण ४० ते ९० फॅरेनहाइटमध्ये हवं. डिसेंबरच्या शेवटी आमच्याकडे सकाळी २५. रोज सकाळी स्कॅनर बघायचा, बाकी सगळं पूर्ण, वाफ अपूर्ण. नशीब असं की २००१ आणि त्यानंतरच्या गाडीला एक मॉनिटर अपूर्ण असलं तर चालतं, २००० पर्यंतच्यांना दोन. २९ डिसेंबरला गेलो, दिवा बंद, एक अपूर्ण, पास. नवीन स्टिकर.

म्हणजे कायद्याने मी हे काहीही न करता, नुसता कोड पुसून कडाक्याच्या थंडीत आलो असतो तरी पास झालो असतो. हे बाबांना सांगायला नको होतं. सांगितलं. "बघ, मी काय म्हणत होतो," असं म्हणून त्यांनी तो विषय पुढे पाच-सहा फोन पुरवला.

जानेवारीच्या मध्यात दोन दिवस ऊन पडलं, पारा ५० वर गेला, टाकी पाऊण होती. कामावरून परत येऊन स्कॅनर लावला तर वाफेच्या समोर हिरवी खूण, पूर्ण, कोड नाही, येऊ घातलेलाही नाही. बायकोला मुद्दाम गॅरेजमध्ये बोलावलं. तिने दार उघडून दोनदा नाक वर केलं आणि म्हणाली, "आता फक्त गवताच्या मशीनचा येतोय." गेलो बघायला, खरंच, त्याच्या झाकणाची सील चिरलेली होती.